साखरेची सवत



चैत्र म्हणजे कैरीच्या पन्ह्याचा महिना. कैरीच्या आंबटपणाला गोडी आणावयाची ती गुळाने की साखरेने, एवढाच काय तो वाद आमच्या लहानपणी घरोघरी चाले. आता चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेल्यास यजमानीणबाई तिसराच प्रश्न विचारतात : ‘तुम्हांला बिनसाखरेचे देऊ का?’ आणि दहांतल्या दोघीतिघी तरी ‘हो’ म्हणतात. मधुमेह आता परक्याच्या घरचा रोग राहिलेला नाही. तेव्हा साखरेच्या जागी आलेली ही नवी गोडी साखरेपेक्षा खरोखरच हितकर आहे काय, हा प्रश्न चेष्टेचा नव्हे, जिवाचा आहे.

आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाचे विद्यार्थी आहोत. तरीही या विषयात तोंड घालण्याचे धाडस करतो, याचे कारण असे की, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्रश्नाचा निकाल अनेकदा लागला आणि अनेकदा फिरला. निकाल का फिरले हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

प्रथम थोरली राणी जी साखर, तिची ओळख करून घेऊ. ऊस उकळून त्याचे स्फटिक करण्याची विद्या भारताची. सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे धाडली. आपली ‘शर्करा’ ग्रीकांकडे आणि रोमनांकडे जाऊन ‘साक्खरम्’ झाली. चरकसंहितेत गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी चढती भाजणी दिली असून जितकी शुद्धी अधिक तितका गुण अधिक, असे म्हटले आहे. पण त्याच परंपरेतल्या वैद्यांनी मधासारखी लघवी होणारा ‘मधुमेह’ही ओळखला होता, आणि तो सुखासीन, बहुभोजी माणसाला गाठतो हेही त्यांनी पाहिले होते. म्हणजे गोडीचे गुण आणि गोडीचा धोका ही दोन्ही आपल्याकडे जुनीच आहेत.

आता सवतीचा जन्म पाहू. तो मोठा विलक्षण आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कॉन्स्टंटिन फाल्बर्ग नावाचे रसायनज्ञ आले होते ते एका आयातदार पेढीसाठी साखरेची शुद्धता तपासावयास! ते काम आटोपल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करू लागले. 1879 साली एके रात्री जेवताना त्यांना पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते! ते तसेच उठून प्रयोगशाळेत गेले आणि टेबलावरच्या एकेक भांड्याची चव घेत सुटले. एखादे भांडे विषारी निघते तर हे व्याख्यान येथेच संपले असते. सापडलेले द्रव्य साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड होते. त्याला नाव दिले ‘सॅकरिन’. पाहा, शर्करेचेच नाव सवतीने लावले! शोध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला, पेटंट मात्र फाल्बर्ग यांनी एकट्याने घेतले. रेमसेन यांनी ती गोष्ट कधी विसरली नाही.

सॅकरिनचा पहिला शत्रू आरोग्य नव्हता, बीट होता. युरोपात बीटापासून साखर काढणारे बागायतदार आणि कारखानदार प्रबळ होते, आणि साखरेवरचा कर हे सरकारचे मोठे उत्पन्न होते. जर्मनीने 1902 साली कायदा करून सॅकरिन औषधाच्या दुकानात कोंडले. तेव्हा स्वित्झर्लंडमधून चोरटा व्यापार सुरू झाला. सॅकरिन श्रीमंतांची चैन नव्हती. गरिबांची ती स्वस्त गोडी होती, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे महायुद्धांत साखर मिळेनाशी झाली, तेव्हा हीच कोंडलेली सवत सन्मानाने स्वयंपाकघरात आली.

अमेरिकेत तंटा निराळ्या वळणाने गेला. तेथे शुद्ध अन्नाच्या 1906 सालच्या कायद्यामागे डॉ. हार्वे वायली यांचे परिश्रम होते. 1908 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर वायलींनी सांगितले की, डबाबंद मक्यात सॅकरिन घालणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे, आणि ते प्रकृतीलाही अपायकारक आहे. रूझवेल्ट संतापले, कारण त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिनच देत होते! त्यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले आणि त्याचे प्रमुख केले कोणाला? त्याच रेमसेन यांना. मंडळाने अल्प प्रमाणातले सॅकरिन निरुपद्रवी ठरविले. तरीही साखरेऐवजी ते घातल्याने अन्नाचा कस कमी होतो, या कारणाने 1912 पासून नेहमीच्या खाद्यपदार्थांत त्याला बंदी झाली. श्रोतेहो, वायलींचे अर्धे म्हणणे आम्हांस आजही पटते. प्रकृतीच्या बाबतीत त्यांच्याजवळ पुरावा थोडा होता. पण आपण काय खातो हे खाणाऱ्याला कळले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते.

यापुढच्या सवती झरझर सांगतो. 1937 साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा यांना ओठांत धरलेली सिगारेट गोड लागली, आणि सायक्लामेट सापडले. 1965 साली जेम्स श्लाटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट चाटले, आणि ॲस्पार्टेम सापडले. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे भारतीय रसायनज्ञ क्लोरीन जोडलेल्या साखरेवर काम करीत होते. वरिष्ठांनी सांगितले, ‘टेस्ट करा’, म्हणजे तपासा. यांनी ऐकले ‘टेस्ट’, म्हणजे चव घ्या! चव घेतली आणि साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असे सुक्रलोज जगाला मिळाले. आडनाव ओळखीचे वाटून मराठी श्रोत्याला येथे थोडे हसू आणि थोडा अभिमान वाटावा, हे साहजिक आहे.

मग शंकेचे पर्व आले. अमेरिकेत 1958 सालापासून असा कायदा होता की, ज्या द्रव्याने प्राण्यालाही कर्करोग होतो ते अन्नात घालता येणार नाही. उंदरांवरील प्रयोगांवरून 1969 साली सायक्लामेटवर बंदी आली. इतर अनेक देशांत ते चालूच राहिले. 1977 साली कॅनडातील प्रयोगात शेकडा पाच इतके सॅकरिन खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, आणि सॅकरिनवरही बंदी घालण्याचे ठरू लागले. लोक खवळले, विशेषतः मधुमेही. अखेर बंदी टळून डब्यावर इशारा छापणे आले. पुढे कळले की, उंदराच्या मूत्राची घडणच अशी असते की त्यात खडा धरतो. माणसात तसे होत नाही. 2000 साली तो इशाराही काढला गेला.

आता थोरल्या राणीचे एक गुपित. साखरेच्या धंद्यातील एका अमेरिकन संस्थेने 1960 नंतरच्या दशकात हार्वर्डच्या काही शास्त्रज्ञांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले, आणि 1967 साली त्यांचा लेख एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात हृदयविकाराचा दोष साखरेवरून उचलून स्निग्ध पदार्थांवर ठेवला होता. पैशाचा उल्लेख लेखात नव्हता. तो उघड झाला 2016 साली. सवतीवर आळ घेणारे पुष्कळ होते. राणीची बाजू सजविणारेही होते. जो निकाल सांगतो त्याची थैली कोण भरतो, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढाच याचा बोध.

मग आजचा निकाल काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. पाच टक्के, म्हणजे सुमारे सहा चमचे, असल्यास अधिक बरे. याच संघटनेने 2023 साली असेही सांगितले की, वजन उतरविण्यासाठी साखरेऐवजी ही गोड द्रव्ये घेऊ नयेत. दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसत नाही. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, ही अट मात्र ऐकणारे विसरतात. त्याच वर्षी कर्करोगविषयक संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित’ या वर्गात टाकले. तर दुसऱ्या तज्ज्ञमंडळाने वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली.

तेव्हा ‘हितकर काय?’ या प्रश्नाला ‘कोणाला, आणि कशाच्या जागी?’ हा प्रतिप्रश्न हवा. मधुमेह्याच्या चहात दोन चमचे साखरेऐवजी एक गोळी पडली, तर रक्तातली साखर त्या चहाने चढत नाही. हा लाभ खरा आहे. दातांनाही ही द्रव्ये किडवीत नाहीत. पण बिनसाखरेची म्हणून चार बर्फ्या खाल्ल्या, तर त्यांतला खवा आणि तूप कोठे जाणार? ‘वरून साखर घातलेली नाही’ आणि ‘साखर नाही’ ही दोन निराळी वाक्ये आहेत. खजुराच्या लाडवावर पहिले लिहिता येते, दुसरे नाही. गुळाचे पाहाल, तर गूळ ही चवीची, रंगाची साखरच होय. मधुमेह्याने त्याला औषध समजू नये. आणि जन्मभर पाणी पिणाऱ्या मुलाला गोळीच्या गोडीची काहीच गरज नाही.

श्रोतेहो, या सर्व इतिहासात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही : इतके गोड हवे तरी कशाला? राणी आणि सवत यांच्या भांडणात घरधनी, म्हणजे आपली जीभ, निर्दोष सुटली. पन्हे उद्याही करावे. फक्त त्यात कैरीची चव उरू द्यावी. आंबटाची ओळख ज्या जिभेला राहिली, तिला थोडी गोडीही पुरते.