शत्रूच्या घरचा आकांत

ग्रीकांचे नाव निघाले की आपल्यापुढे सॉक्रेटिसचा विषाचा प्याला तरी येतो, नाहीतर संगमरवरी पुतळे. माझ्यापुढे मात्र एक नाटक येते. एस्किलसचे ‘पर्शियन’ मी प्रथम वाचले तेव्हा चक्रावून गेलो होतो. विजय अथेन्सचा, नाटककार अथेन्सचा, प्रेक्षकही अथेन्सचे. आणि रंगभूमीवर रडते कोण, तर हरलेले इराणी! हे कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस प्रचंड सैन्यानिशी ग्रीसवर चालून आला. अथेन्सच्या लोकांनी बायकामुलांना बाहेर हलवले. मागे राहिलेले शहर इराण्यांनी जाळले. अक्रोपोलिस टेकडीवरची देवळेही सोडली नाहीत. पण त्याच वर्षी सालामिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने इराणी आरमाराचा धुव्वा उडवला.

एस्किलस हा घरात बसून लिहिणारा कवी नव्हे. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला तो स्वतः लढला होता. तिथेच त्याचा भाऊ पडला. इराणी जहाजाची पिछाडी धरली असता कुऱ्हाडीने त्याचा हात तोडला गेला, असे हेरोडोटस सांगतो. अशा माणसाने सुडाचे नाटक लिहिले असते तर त्याला कोण नावे ठेवणार होते?

सालामिसनंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ. स. पू. ४७२ मध्ये, त्याने लिहिलेले नाटक घडते ते शत्रूच्या राजधानीत, सूसा नगरीत. राजमाता अटोसा वाईट स्वप्नाने धास्तावली आहे. दूत येऊन पराभव सांगतो, मेलेल्या सरदारांची नावे एकामागून एक घेतो. ग्रीक वीराचे मात्र एकही नाव येत नाही. मृत सम्राट दारियसचे भूत थडग्यातून उठते आणि मुलाच्या उद्दामपणाला दोष देते. शेवटी फाटक्या वस्त्रांतला झर्क्सिस येतो आणि वृद्धांसह विलाप करतो. या प्रयोगाचा खर्च तरुण पेरिक्लीसने उचलला होता. जळालेल्या देवळांच्या टेकडीच्याच उतारावर बसून लोकांनी तो पाहिला, आणि एस्किलसला पहिले बक्षीस मिळाले.

याच्या उलट गोष्ट फ्रिनिकसची. इ. स. पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले, त्यावर त्याने नाटक केले. सारे प्रेक्षागृह रडले. मग आपल्याच माणसांचे दुःख उकरून काढले म्हणून अथेन्सने त्याला १००० द्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा करण्यास बंदी घातली.

म्हणजे शत्रूचे रडणे पाहणे अथेन्सला सुखाचेच होते, असे काही अभ्यासक म्हणतात. विजयाचा अभिमान नाटकात आहे, हे मलाही नाकारता येत नाही. अथेन्सचे लोक कुणाचे गुलाम नाहीत, असे अटोसालाच ऐकवले जाते. पण शत्रूचे नुसते हसे करायचे असते तर त्याच्या आईची काळजी कशाला दाखवावी?

अथेन्सची खरी परीक्षा पुढे झाली. इ. स. पू. ४१६ मध्ये अथेन्सने मीलॉस हे छोटे बेट जिंकले, हाती लागलेले पुरुष मारले, बायकामुले गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वसंतात युरिपिडीसने ‘ट्रोजन स्त्रिया’ सादर केले. त्यात मीलॉसचे नाव नाही. ग्रीकांच्या हाती सापडलेल्या विधवा आणि अनाथ तेवढे आहेत. बक्षीस दुसरे मिळाले.

त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार सिसिली जिंकायला निघाले, आणि इ. स. पू. ४१३ मध्ये तिथेच नष्ट झाले. दारियसच्या भुताने जे बजावले होते, ते सत्तावन्न वर्षांपूर्वी याच शहराने ऐकले होते. बक्षीसही दिले होते.