इफेची मृण्मय शिल्पकला

इफेची मृण्मय शिल्पकला ही पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची मध्ययुगीन राजदरबारी कला आहे. नैऋत्य नायजेरियातील इले-इफे हे नगर तिचे केंद्र होते. योरुबा परंपरेत हे नगर सृष्टीचे उगमस्थान मानले जाते. येथील राजाला 'ऊनी' म्हणतात. बहुतेक शिल्पे सुमारे १२व्या ते १५व्या शतकांतील आहेत.

वैशिष्ट्ये

भाजलेल्या मातीच्या या मस्तकांत मानवी चेहऱ्याचे अत्यंत वास्तवदर्शी चित्रण आढळते. अनेक चेहऱ्यांवर बारीक उभ्या समांतर रेषा कोरलेल्या आहेत. त्या त्वचेवरील व्रणखुणा असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. तर काहींच्या मते त्या मुकुटाला लोंबणाऱ्या मण्यांच्या झालरीच्या सावल्या दर्शवितात. पूर्णाकृती मूर्तींत मस्तक शरीराच्या प्रमाणात मोठे असते. योरुबा विचारानुसार 'ओरी', म्हणजे मस्तक, हे मनुष्याच्या प्रारब्धाचे स्थान आहे. राजपुरुषांसोबतच सेवक, रोगग्रस्त माणसे, तोंडात बोळा कोंबलेले बंदी आणि प्राणी यांचीही शिल्पे सापडली आहेत. याच शैलीतील तांब्या-पितळेची मस्तके मधूच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाचा साचा वितळवून, ओतलेली आहेत.

शोध व वाद

जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस १९१० मध्ये इफेला आला. तेथे मिळालेली शिल्पे स्थानिक लोकांनी घडविली असतील, हे त्याला मान्य झाले नाही. अटलांटिस या कल्पित भूमीशी निगडित ग्रीक वसाहतीचे ते अवशेष असावेत, असे त्याने प्रतिपादले. त्याने नेलेली काही मृण्मय मस्तके बर्लिनमधील संग्रहात आहेत. १९३८ मध्ये राजवाड्याजवळील वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची अनेक मस्तके मिळाली. पुढे १९५७ पासून फ्रँक विलेट यांनी इता येमू येथे उत्खनन केले. खापऱ्या उभ्या बसवून केलेल्या फरसबंदीच्या संदर्भात तेथे शिल्पे सापडली. अशा पुराव्यांमुळे ही कला इफेमध्येच विकसित झाल्याचे स्पष्ट झाले व परकीय उगमाची कल्पना निराधार ठरली.

संबंधित परंपरा

१९७१ मध्ये एक्पो एयो यांनी ओवो येथील इग्बो लाजा या स्थळी केलेल्या उत्खननात सुमारे १५व्या शतकातील मृण्मय शिल्पे मिळाली. त्यांच्यात इफे व बेनिन या दोन्ही शैलींशी साम्य दिसते.