दोन माणिक

हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमचे कॅम्पस इंटरव्ह्यू चालले होते. उसने टाय बांधून आम्ही दहा-बारा जण बाहेरच्या बाकांवर बसलो होतो. आतून येणाऱ्या प्रत्येकाला धरून "काहून बे, काय विचारलं?" आणि प्रत्येकाचं उत्तर तेच. म्हणे, स्वतःचं वर्णन एका शब्दात करा. माझा नंबर आला तेव्हा मी छाती पुढे काढून 'हार्डवर्किंग' म्हणालो. माझ्या आधीच्या चौघांनीही तेच सांगितलं होतं हे नंतर कळलं. गणिताचा एक पेपर ग्रेस मार्कांवर सुटलेला असताना हे बोलायला माझी जीभ कशी धजावली, देव जाणे :)

असो. ती नोकरी गेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. आणि पुढे केव्हातरी लक्षात आलं की आमच्या विदर्भातल्या दोन माणसांनी त्याचं फार चांगलं उत्तर देऊन ठेवलंय. गंमत म्हणजे दोघांचंही पाळण्यातलं नाव एकच, माणिक.

पहिला माणिक १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मला. माणिक बंडोजी इंगळे. घरची गरिबी. शाळेपेक्षा भजनात जीव रमणारं पोर वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे जाऊन राहिलं. तिथे गुरूंनी त्याचं नाव ठेवलं तुकड्या. भिक्षेत मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर जगणारा तो तुकड्या, असं सांगतात. आता बघा, हे नाव लहानपणी चिकटलेलं. मोठेपणी झटकून टाकता आलं असतं, आपण नाही का घरातलं 'बंड्या', 'पिंट्या' ऑफिसात कोणाला कळू देत! पण या माणसाने ते भजनांच्या शेवटच्या ओळीत स्वतःहून घालायला सुरुवात केली. खंजिरी वाजवत गावोगाव फिरताना तुकड्या, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारल्यावर तुकड्या, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगूनही तुकड्या. १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. राजेंद्रप्रसादांनी 'राष्ट्रसंत' म्हटलं. जगाने दिलेला शब्द एवढा भारदस्त, पण सही मात्र शेवटपर्यंत तुकड्यादास.

म्हणजे नाव दिलं दुसऱ्याने, पण निवडलं यांनीच. रोज नव्याने.

दुसरा माणिक खुद्द नागपूरचा. माणिक सीताराम गोडघाटे, जन्म १९३७. पुढे नागपुरातच मराठीचे प्राध्यापक झाले. 'संध्याकाळच्या कविता' हा पहिला संग्रह १९६७ साली आला तो 'ग्रेस' या नावाने. ('महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत आठवतंय ना? तेच ते.) शाळेत असताना मला वाटायचं की हे कोणीतरी ख्रिश्चन गृहस्थ असणार. मराठी कवींची टोपणनावं तोवर बहुतेक नात्यातली. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज म्हणजे गोविंदाचा आणि कुसुमचा थोरला भाऊ. विदर्भाच्या मातीतले 'बी' जरा वेगळे. मराठीत वाचलं तर बियाणं, इंग्रजीत वाचलं तर मधमाशी. पण सरळ इंग्रजी शब्द उचलून तोच मी, असं म्हणणं धाडसाचंच.

हा शब्द त्यांना एका सिनेमातून मिळाला असं सांगितलं जातं. १९५८ चा 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस', इन्ग्रिड बर्गमनचा. तिने त्यात ग्लॅडिस आयलवर्ड या खऱ्या बाईचं काम केलंय. ही लंडनमधली मोलकरीण. मिशनने नाकारलं, तर पदरचे पैसे साठवून तिकीट काढून चीनला गेली आणि युद्धाच्या धामधुमीत शंभरेक अनाथ मुलांना डोंगर ओलांडून सुखरूप घेऊन आली. तिच्या संदर्भात सिनेमात 'ग्रेस' हा शब्द येतो.

आता या शब्दाला मराठीत काय म्हणाल? डौल म्हणा, कृपा म्हणा, प्रसाद म्हणा, थोडं थोडं सगळंच. डौल हा अर्थ घेतला तर स्वतःला 'ग्रेस' म्हणवून घेणं चक्क फुशारकी वाटेल. पण शब्दाचा जुना, धर्मातला अर्थ वेगळा आहे. जे कमावलेलं नाही, कमावताही येत नाही, पण तरी पदरात पडतं ते. माझ्या मते हाच अर्थ घेतला की दोन्ही माणिक शेजारी येऊन बसतात. माणिक म्हणजे रत्न, आईबापांनी लेकराची केलेली किंमत. दोघांनीही ती किंमत बाजूला ठेवली आणि आपल्याला काय मिळालं तेच नाव म्हणून घेतलं, एकाने भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्याने कृपा. इंटरव्ह्यूच्या प्रश्नात अपेक्षा बरोबर उलटी असते, स्वतःची किंमत सांगा.

(डेबूजी झिंगराजी जानोरकर आठवतात इथे. हातात फुटकं गाडगं, म्हणून लोकांनी गाडगेबाबा केलं, त्यांनीही होऊ दिलं. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.)

ग्रेस २०१२ च्या मार्चमध्ये पुण्यात गेले, 'वाऱ्याने हलते रान'साठी साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाल्याला जेमतेम तीन-चार महिने झाले होते. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं, म्हणजे आमच्या बॅचच्या मार्कशीटवर ते आहेच.

गेल्या विकांताला माळा आवरताना ती मार्कशीट सापडली. वर ठळक अक्षरात तुकडोजी महाराज, खाली गणितासमोर ग्रेसची बारीकशी खूण. मी भारावून जाऊन बायकोला हे सगळं सांगायला गेलो. तिने कागद हातात घेतला, नीट वाचला आणि म्हणाली, "गणितात ग्रेस? हे लग्नाआधी नव्हतं सांगितलंस."