ओळींची मोजणी आणि माणसांची उतरंड

ज्या कामाचें माप घेतां येतें तें मोजावें, आणि ज्याचें घेतां येत नाहीं तें पारखावें, हा व्यवहारांतील जुना शिरस्ता आहे. गवंड्यानें दिवसांत किती भिंत चढविली हें फूटपट्टी सांगते. वैद्यानें रोग्याची नाडी पाहतांना किती बुद्धि खर्च केली हें कोणतीहि पट्टी सांगत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकासाठीं आज्ञा लिहिणाऱ्यांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कारागिरांचा, एक मोठा वर्ग जगभर उदयास आला. हा वर्ग गवंड्याच्या पंक्तीस बसवावयाचा कीं वैद्याच्या, याचा निर्णय त्यांच्या मालकांना बराच काळ करतां आला नाहीं. त्या घोटाळ्याची किंमत कारागिरांच्या उमेदीनें चुकती झाली.

या कथेचें मूळ पोलादाच्या कारखान्यांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील बेथलेहेम स्टील कंपनींत फ्रेडरिक टेलर या अभियंत्यानें मजुरांच्या हालचालींचा बारकाईनें अभ्यास केला. लोखंडाचे ठोकळे वाहून आगगाडीच्या डब्यांत चढविणारा मजूर दिवसाकाठीं सुमारें साडेबारा टन माल हलवीत असे. नीट निवडलेला आणि शिकविलेला मजूर ४७ टन हलवूं शकतो, असें टेलरसाहेबांनीं १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें. या दाव्यावर पुढें पुष्कळ वाद झाला. तथापि शंभरावा ठोकळा पहिल्या ठोकळ्यासारखाच असतो. म्हणून तेथें मोजणीला निदान कांहीं अर्थ तरी होता.

सॉफ्टवेअरचें काम याच्या अगदीं उलट आहे. एकदां नीट लिहिलेली आज्ञा पुन्हा लिहावी लागत नाहीं. रोजचें काम नवें असतें, आणि पुष्कळदां कारागिराचें खरें कसब लिहिण्यापेक्षां खोडण्यांत दिसतें. तरीहि कारखान्यांतला ताजवा कचेरींत आला, आणि कोणी किती ओळी लिहिल्या हें मोजण्याची चाल पडली. १९८२ च्या आरंभीं ॲपल कंपनींत लिसा नांवाच्या संगणकाची सिद्धता चालू असतां व्यवस्थापकांनीं प्रत्येकाकडून आठवड्याच्या ओळींचा तक्ता मागविण्यास सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन यांनीं त्याच सुमारास चित्रें रेखाटणाऱ्या प्रणालीच्या एका भागाची नव्यानें मांडणी केली होती. तो भाग जवळजवळ सहापट वेगवान झाला होता, आणि त्या ओघांत सुमारें २,००० ओळी नाहींशा झाल्या होत्या. त्यांनीं तक्त्याच्या रकान्यांत ‘उणे २,०००’ हा आंकडा भरला. कांहीं आठवड्यांनीं त्यांच्याकडे तक्ता मागणें बंद झालें. ॲटकिन्सन यांच्या योग्यतेच्या माणसाला हें शोभलें. सामान्य नोकरदारानें असा आंकडा भरण्याचें धाडस क्वचितच केलें असतें.

१९८५ सालीं आय. बी. एम. आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं ‘ओ. एस. टू’ ही प्रणाली मिळून तयार करण्याचा करार केला. आय. बी. एम. मध्यें हजार ओळी हें कामाचें एकक मानीत. तेंच काम थोडक्या ओळींत उरकणारा कुशल माणूस या हिशेबानें कमी ठरतो, असें गाऱ्हाणें मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर यांनीं १९९६ सालच्या एका दूरचित्रवाणी चित्रपटांत मांडलें. गाऱ्हाणें रास्त होतें. परंतु हेच श्री. बाल्मर २००० ते २०१४ पर्यंत मायक्रोसॉफ्टचे मुख्य अधिकारी असतां त्या कंपनींत ओळींऐवजीं माणसांचीच मोजणी मोठ्या निष्ठेनें चालत होती, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

ही नवी मोजणी म्हणजे माणसांची उतरंड. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीचे १९८१ ते २००१ या काळांतील प्रमुख जॅक वेल्श यांनीं तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्यांच्या हिशेबीं शंभरांतील २० माणसें उत्तम, ७० मध्यम आणि १० टाकाऊ. या शेवटच्या दहांना निरोप द्यावयाचा. मायक्रोसॉफ्टमध्येंहि अशीच उतरंड कमीअधिक फरकानें अनेक वर्षें रचली जात होती. दहा जणांच्या तुकडींत दोघे वर, सातजण मधें आणि एक तळाशीं, हा निकाल कामाच्या पहिल्याच दिवशीं ठरलेला. नांवें तेवढीं भरावयाचीं राहिलेलीं. दहाहि जणांनीं उत्तम काम केलें तरी एकानें नापास व्हावयाचेंच! घंटेच्या आकाराची जी वक्ररेषा गणितज्ञ दाखवितात, ती मोठ्या आणि सरमिसळ समुदायाला लागू पडते. पारखून घेतलेल्या दहा माणसांना ती लागू पडेलच असें कोणतेंहि गणित सांगत नाहीं.

खरी ग्यानबाची मेख येथेंच होती. सॉफ्टवेअर हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. एकाच्या चुका दुसऱ्यानें वाचून दाखवाव्या आणि पहिल्यानें राग न मानतां त्या सुधाराव्या, हें तत्त्व जेराल्ड वाइनबर्ग यांनीं १९७१ सालींच आपल्या ग्रंथांत आग्रहानें सांगितलें होतें. परंतु ज्या तुकडींत एकाची पडती ही दुसऱ्याची चढती ठरते, तेथें शेजाऱ्याची चूक त्याला कोण दाखविणार? पत्रकार कर्ट आयकेनवाल्ड यांनीं २०१२ सालीं ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकांत मायक्रोसॉफ्टविषयीं दीर्घ लेख लिहिला. ज्या ज्या आजीमाजी नोकरांशीं ते बोलले, त्या प्रत्येकानें ही उतरंडच कंपनीला सर्वांत घातक ठरल्याचें सांगितलें. हुशार माणसें दुसऱ्या हुशार माणसांच्या तुकडींत जाण्याचें टाळूं लागलीं. वरकरणी सौजन्य राखून उपयुक्त माहिती सहकाऱ्यांपासून दडवूं लागलीं. प्रतिस्पर्धी कंपन्यांशीं करावयाची झुंज घरांतच होऊं लागली.

अखेर १२ नोव्हेंबर १९१३ च्या नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०१३ च्या त्याच दिवशीं मायक्रोसॉफ्टनें उतरंड मोडल्याचें आपल्या नोकरवर्गाला कळविलें. टेलरसाहेबांचा ग्रंथ निघून तोंवर एक शतक उलटलें होतें. हा वारा हिंदुस्थानांतहि पोंचला. १९८१ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या इन्फोसिस कंपनीनें २०१५ सालीं सक्तीची श्रेणीवाटणी सोडून दिली. हिंजवडीच्या कचेऱ्यांत ज्यांचीं मुलें-मुली काम करतात, अशा मराठी कुटुंबांना त्या घंटेच्या रेषेचें वार्षिक भय चांगलेंच परिचित होतें.

परंतु एवढ्यानें कथा संपली असें समजणें भाबडेपणाचें होईल. जानेवारी २०२५ मध्यें मेटा कंपनीनें कामांत सर्वांत मागें असलेले सुमारें ५ टक्के नोकर कमी करण्याचें जाहीर केलें. टक्का आधीं ठरला, माणसें मागाहून शोधावयाचीं, हा क्रम जुनाच. तो पुन्हा पुन्हा कां येतो, याचें उत्तर कठीण नाहीं. माणसाचें काम पारखण्यासाठीं अधिकाऱ्याला त्या कामाजवळ जावें लागतें, तें समजून घ्यावें लागतें आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी पत्करावी लागते. मोजणीनें हे तिन्ही कष्ट वांचतात. दोष आंकड्यावर टाकतां येतो. काम अवघड असलें, रात्री जागाव्या लागल्या, तरी कारागीर तें हौसेनें सोसतो. आपलें काम समजून घेणारा वर कोणीच नाहीं आणि शेजारी बसलेल्याचें भलें होण्यांत आपली हानि आहे, एवढें एकदां त्याच्या मनानें घेतलें म्हणजे मात्र पगारवाढीनें ती हौस परत येत नाहीं.