नागरी संरक्षण आणि तरुणांची पथके

रणांगणावर सैनिक लढतो. परंतु बाँब पडून गावातले घर पेटले तर ते विझवावयास प्रथम धावतो तो शेजारी. या शेजाऱ्याला आधीपासून तयार करणे यालाच नागरी संरक्षण म्हणतात. आपल्याकडील या कामाचा इतिहास चाळताना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते: संकट दारी आले की तरुणांना हाक दिली जाते, आणि ते टळले की त्यांचा विसर पडतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले, तेव्हा मुंबईत हवाई हल्ल्यापासून बचाव करणारी पथके सज्ज झाली. लोक त्यांना 'ए. आर. पी.' म्हणत. दिवे झाकणे, वाळूच्या बादल्या भरून ठेवणे, जखमींना उचलून नेणे ही त्यांची कामे. पण मुंबईवरचा मोठा घाला आकाशातून आला नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज पेटले. त्यात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दोन स्फोटांत गोदी आणि लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. अग्निशामक दलाचे साठांहून अधिक जवान व शेकडो सामान्य माणसे प्राणास मुकली. धोका पुष्कळदा कामाच्या जागीच साठवून ठेवलेला असतो, हे त्या दिवशी कळले.

याच सुमारास तरुणांच्या संघटनाही उभ्या राहत होत्या. हिंदू तरुणांस लष्करी शिक्षण मिळावे या हेतूने डॉ. बा. शि. मुंजे यांनी आमच्या नाशकात 1937 साली भोसला मिलिटरी स्कूल काढले. पुण्यात 4 जून 1941 रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल सुरू झाले; तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना एकत्र आणण्यावर भर होता. हा भेद लहान नव्हे. 1946 साली मुंबईत जातीय दंगे पेटले, तेव्हा संरक्षण कोणाचे आणि कोणापासून, हाच प्रश्न गल्लीगल्लीत उभा राहिला. त्या दंग्यांच्या काळातच, 6 डिसेंबर 1946 रोजी, मुंबई प्रांतात होमगार्ड दलाची स्थापना झाली. जो फक्त आपल्याच आळीचे रक्षण करतो त्याला नागरी संरक्षक म्हणता येत नाही, असे आमचे मत आहे.

1962 च्या चिनी आक्रमणानंतर देश खडबडून जागा झाला. 1963 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एन. सी. सी. सक्तीची झाली, आणि 1968 साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. सक्तीने कवायत होते, सेवाभाव उपजत नाही. 1963 चाच दुसरा एक कायदा फार थोड्यांना ठाऊक आहे. युद्धामुळे इजा झालेल्या कामगारास भरपाई देण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आणि त्यासाठी विमा उतरवणे बंधनकारक केले. 1965 आणि 1971 च्या युद्धांत लोकांनी खिडक्यांना काळे कागद लावले. दरम्यान 1968 साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला. 2010 च्या दुरुस्तीने पूर, भूकंप अशा आपत्तींतील कामही त्याच्या कक्षेत आले.

नाशकाला हा विषय परका नाही. येथे नोटांचा छापखाना 1928 पासून आहे, ओझरला विमानांचा कारखाना 1964 पासून, आणि देवळालीला तोफखान्याचे ठाणे आहे. 2008 साली गोदावरीचे पाणी शहरात शिरले होते. 7 मे 2025 च्या देशव्यापी सरावासाठी जी ठिकाणे ठरली, त्यांत नाशिक, मनमाड व सिन्नर यांची नावे होती. तेव्हाही तरुणांनी स्वयंसेवक व्हावे म्हणून आवाहन झालेच.

आमचे म्हणणे एवढेच की आवाहन पुरेसे नाही. सातपूर-अंबडचा कंत्राटी तरुण सरावाला गेला तर त्याचा रोज बुडतो. बचावकार्यात त्याचा हात मोडला तर घर उपाशी राहते. म्हणून सरावाच्या दिवसाची भरपगारी रजा, दुखापतीचा विमा आणि वॉर्डावॉर्डांत बारमाही चालणारे, सर्वांना खुले असलेले पथक, या तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. भोंगा वाजल्यावर त्या मागून उपयोग नाही. त्या आजच, शांततेच्या काळात, पदरात पाडून घ्यावयाच्या आहेत.