वेळापत्रकातील इंग्रजी

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. बदली होऊन एखादे कुटुंब बंगळूरला जाते. वडील कन्नड शिकविणारे पुस्तक विकत आणतात, रोज रात्री दहा वाक्ये घोकतात, आणि सहा महिन्यांनंतरही भाजीवाल्यापुढे अडखळतात. त्यांचे आठ वर्षांचे चिरंजीव मात्र शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता कन्नड बोलू लागलेले असतात. त्यांना विभक्ती ठाऊक नसतात की काळ ठाऊक नसतात. डाव कोणाचा आणि बाद कोण, एवढेच त्यांना पक्के ठाऊक असते, आणि ते भांडून पटवून देण्यापुरती भाषा त्यांनी मिळविलेली असते.

हेच चिरंजीव शाळेत इंग्रजीच्या तासाला बसले म्हणजे मात्र त्यांची गत वडिलांसारखी होते. गल्लीत जे सहज घडते ते वर्गात का घडू नये? या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर योगायोगाने त्याच बंगळुरात आणि त्या वेळच्या मद्रासमध्ये १९७९ ते १९८४ या पाच वर्षांत शोधले गेले. त्या प्रयोगाची हकीकत आज सांगावयाची आहे. परंतु त्याआधी आपण कोणत्या वाटेने तेथवर आलो ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

आपल्याकडे इंग्रजीची वाट फार काळ भाषांतराच्या दारातून गेली. महाराष्ट्रात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांच्या हाती होती. आधी नियम, मग शब्द, मग वाक्ये. मराठीचे इंग्रजी करा आणि इंग्रजीचे मराठी करा. या पद्धतीची आज चेष्टा करण्याची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. तिच्यात मुरलेल्या माणसांचे इंग्रजी लेखन वाचून पाहावे. चूक शोधून काढावी लागते. उणीव होती ती दुसरीकडे. पाठमालेतील वाक्य कोणी कोणाला उद्देशून बोललेले नसे. ते केवळ भाषांतर होण्यासाठी जन्मलेले असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या पद्धतीला आव्हान मिळाले. मातृभाषा मध्ये न आणता, वस्तू दाखवून, कृती करून, थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावे असा पुकारा झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेन यांनी हिंदुस्थानातील शाळांसाठी या प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. गंमत अशी की, पुढे रेन हे नाव भारतात अजरामर झाले ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणाच्या पुस्तकामुळे!

स्वातंत्र्यानंतर नवी शास्त्रीय दृष्टी आली. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, आणि देशभर वाक्यरचनांवर आधारलेले अभ्यासक्रम रूढ झाले. सोप्या रचनेवर अवघड रचना, तिच्यावर त्याहून अवघड, अशी मडक्यांची उतरंड रचावी तशी भाषा रचली गेली. शिक्षक दाराकडे चालत जात आणि चालता चालता म्हणत, ‘आय अ‍ॅम वॉकिंग टू द डोअर’. मग एक मुलगा चालत जाई आणि तेच म्हणे. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, चाळिसावा. पद्धत नीटनेटकी होती, मुले बोलतही होती. परंतु चालणारा माणूस सर्वांना दिसत असताना ‘मी चालतो आहे’ हे कोणाला सांगावयाचे, आणि का?

नेमके येथे एन. एस. प्रभू यांचे मन अडले. ते त्या काळी मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचे काम पाहत असत. वाक्यरचना शिकलेली मुले वर्गात ती बिनचूक वापरतात आणि वर्गाबाहेर पडताच विसरतात, हे त्यांच्यासह अनेकांना दिसत होते. त्यांनी उलट बाजूने विचार केला. भाषेचे व्याकरण मनात बसते ते व्याकरणाकडे लक्ष दिल्याने नव्हे. लक्ष दुसऱ्याच कशात गुंतलेले असताना ते आपोआप बसत जाते, असे असेल तर? मग व्याकरणाची उतरंड मोडावी आणि वर्षभराचा अभ्यासक्रम म्हणून केवळ सोडवावयाच्या कामांची मालिका द्यावी. बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने १९७९ साली दक्षिणेतील काही साध्यासुध्या शाळांतून हा प्रयोग सुरू झाला. जगभर तो ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो.

त्या वर्गातील एक तास कसा असे याची कल्पना करून पाहू. मुले चाळीस-पन्नास, साधने फळा आणि खडू. मुलांना थोडेबहुत इंग्रजी आधी आलेले. शिक्षक फळ्यावर आगगाडीचे वेळापत्रक लिहितात. समजा, मद्रासहून बंगळूरला जाणारी गाडी, मधली दोन-तीन स्थानके, पोहोचण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा. शिक्षक इंग्रजीतून विचारतात: ही गाडी जोलारपेटला किती वाजता येते? तेथे किती वेळ थांबते? मला दुपारी तीनला बंगळुरात काम आहे. ही गाडी मला चालेल काय? कोणी एका शब्दात उत्तर देतो, कोणी मोडक्या वाक्यात. उत्तर बरोबर असेल तर शिक्षक ते स्वीकारतात आणि बोलण्याच्या ओघात तेच नीट वाक्यात म्हणून दाखवितात, घरी आई बोबड्या मुलाशी बोलते तसे. मग फळा पुसला जातो, दुसरे वेळापत्रक येते, आणि तसेच काम प्रत्येक मुलाने आपले आपण करावयाचे असते. शेवटी गुण दिले जातात, पण ते भाषेला नव्हेत. गाडी बरोबर पकडली की नाही, याला!

वेळापत्रकाप्रमाणेच नकाशे, घड्याळे, दिनदर्शिका, नात्यागोत्यांचे तक्ते, पैशांचे हिशेब अशी कामे येत. या सर्वांत नवे, परके काहीच नव्हते. मुलाने घरी, बाजारात, स्थानकावर पाहिलेल्याच या वस्तू. काम किती अवघड असावे याची प्रभूंनी ठेवलेली कसोटी मला फार आवडते. निदान अर्ध्या वर्गाला निदान अर्धे काम बरोबर जमले पाहिजे. त्याहून अवघड असेल तर मुले नाद सोडतात. फार सोपे असेल तर विचार करण्याचे कारणच उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी हसतखेळत शिकवावे असे म्हटले की नाटुकली, गाणी आणि सोंगे डोळ्यांपुढे येतात. प्रभूंचा भर त्यांवर नव्हता. एकाजवळची माहिती दुसऱ्याला नुसती पोचविणे, किंवा ‘तुला काय वाटते?’ असे विचारणे, हेही त्यांना कमी उपयोगी वाटले. मताला बरोबर-चूक नसते, त्यामुळे नवशिक्या मुलाच्या पायाखाली जमीन राहत नाही. दिलेल्या माहितीवरून तर्काने न दिलेली माहिती काढणे, हे काम सर्वांत फलदायी ठरले. मौज होती, पण कोडे सुटल्याची. मुलांचे गट पाडण्याचेही त्यांनी टाळले. अर्धवट येणाऱ्या भाषेत मुले आपसांत बोलत राहिली तर चुकाच घट्ट होतील, अशी त्यांना भीती होती. गटकार्याशिवाय नवी पद्धत नाही असे मानणारे आपले आजचे प्रशिक्षणवर्ग हे ऐकून चकित होतील.

मग निष्पन्न काय झाले? १९८४ साली अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी चार शाळांत प्रकल्पाचे वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीचे वर्ग यांची तुलना केली आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या परीक्षा जुन्या पद्धतीच्या वळणाच्या होत्या त्यांत जुने वर्ग सरस ठरले, प्रकल्पाच्या वळणाच्या परीक्षेत प्रकल्पाचे. परंतु जेथे कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती, अशा श्रुतलेखन, आकलन आणि संदर्भासह व्याकरण यांच्या कसोट्यांत बहुतांशी प्रकल्पाची मुले पुढे होती. ज्यांना व्याकरण कधी शिकविलेच नव्हते, ती मुले! तथापि परीक्षकांनी जपूनच लिहिले. मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, होते तेच वर्ग घेतलेले होते. आणि प्रकल्पाचे शिक्षक अधिक जाणते, अधिक उत्साही असण्याचा संभव होता. हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ओघात शुद्ध वाक्य म्हणून दाखवावयाचे तर ते शिक्षकाच्या ओठांवर असावे लागते. ज्या गावात शिक्षकालाच इंग्रजी बोलण्याचा धीर नाही, तेथे छापील वाक्यरचना हा त्याचा आधार असतो. तो काढून घेतला तर त्याने उभे राहावे कशावर?

प्रकल्प १९८४ साली संपला. प्रभूंचे त्यावरील पुस्तक १९८७ मध्ये निघाले, आणि कामांतून भाषा शिकविण्याचा जो विचार पुढे अनेक देशांत फोफावला, त्याच्या आरंभी बंगळूरचे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका यांचे राज्य अबाधित राहिले. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने, मुलांभोवती भाषेचे समृद्ध वातावरण हवे, असे स्पष्ट म्हटले. परीक्षेत गुण मिळतात ते अजूनही वाक्याला. गाडी पकडण्याला नाही.

प्रभूंनी स्वतः आपल्या पद्धतीचा पंथ केला नाही. १९९० साली त्यांनी एक निबंध लिहिला. सर्वोत्तम पद्धत म्हणून काही नाही, असे त्याचे शीर्षकच सुचविते. शिकविणे कसे घडते याविषयी शिक्षकाच्या मनात काही एक पटलेले असते. ते जिवंत असले तर पद्धत कोणतीही असो, वर्ग जिवंत असतो, आणि ते मेले की उत्तम पद्धतीचीही सवय होते. पाच वर्षे वेळापत्रके आणि नकाशे घेऊन शाळाशाळांतून फिरल्यावर त्यांनी हे लिहिले आहे.