बॅकअप आहे, पण वाचणार कोण?

बॅकअप घेतला की काम झालं, असं आपण धरून चालतो. शोधयंत्रांच्या डेटाबेसचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

डग कटिंगनं १९९९ मध्ये ल्युसीन हे शोधाचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यावर शे बॅनननं २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च उभं केलं. यात अनेक सर्व्हर मिळून एक क्लस्टर होतो आणि लाखो मजकुरांतून शब्द शोधून देतो. २०१४ मध्ये १.० व्हर्जनसोबत स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप घ्यायची सोय आली. तो हलवायचे नियम मात्र कडक. नव्या व्हर्जनचा स्नॅपशॉट जुन्या क्लस्टरवर उघडत नाही. जुना नव्यावर उघडतो, पण सहसा एकच पिढी पुढे: ५ मध्ये बनलेला इंडेक्स ६ ला वाचता येतो, ७ ला नाही.

असं का? इंडेक्स हे मूळ मजकुरावरून काढलेलं टिपण असतं, आणि टिपताना काही तपशील गळतात. मजकुराची लांबीसुद्धा ल्युसीन एका बाइटमध्ये ढोबळपणे बसवतं. टिपण्याची पद्धत बदलली की जुन्या टिपणावरून नवं नेमकं बनत नाही. म्हणून ६ वर असतानाच मूळ मजकुरावरून इंडेक्स पुन्हा बांधायचा, म्हणजे रीइंडेक्स करायचं, आणि मग ७ वर जायचं.

आपल्याकडे कागदांच्या बाबतीत असंच झालंय. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद शाबूत होते. गो. स. सरदेसाईंनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ दरम्यान ४५ खंडांत देवनागरीत छापले. तेव्हा मोडी वाचणारे सहज मिळत. पुढे मोडी शाळांतून गेली. उरलेले रुमाल आजही सुरक्षित आहेत, वाचणारे थोडे.

आता सिडनीजवळच्या क्वेकर्स हिलमधलं एखादं मराठी घर घ्या. आजीची पत्रं आई भराभर वाचते. मुलांना मराठी बोललेलं कळतं, देवनागरी अडते. त्या पत्रांचे फोटो क्लाउडवर ठेवले, तरी पुढच्या पिढीला ती उघडणार नाहीत. आईबाबा हाताशी आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या, रेकॉर्ड करा, नावं-गावं लिहून ठेवा.

आणि मूळ पत्रं जपा. इलॅस्टिकसर्चमध्ये जागा वाचवायला काहीजण मूळ मजकूर साठवणंच बंद करतात. मजकूर दुसरीकडे कुठे नसेल, तर मग रीइंडेक्स कशावरून करणार?